लिनोलियमवरचा अटलांटिक

विज्ञानकथांमध्ये एक मांडणी पुन्हा पुन्हा भेटते. परग्रहावरचा शत्रू चालून आलेला असतो. त्याची भाषा कळत नाही, त्याच्याशी तह करता येत नाही, आणि मोठे सेनापती एकामागून एक हरत चाललेले असतात. मग लष्कर शाळांमधून मुलं हेरतं, त्यातलं सगळ्यात तल्लख पोर उचलतं, घरापासून तोडतं आणि त्याला खेळ शिकवतं. खेळ दिवसेंदिवस अवघड होत जातो. शेवटचा डाव मुलगा जिंकतो आणि तेव्हा त्याला कळतं की पडद्यावरचे ठिपके खरी जहाजं होती, त्यांत खरी माणसं होती आणि समोरची सगळी जात आपण पुसून टाकली आहे.

ही गोष्ट वाचून झाली की चर्चा नीतीवर येते. मुलाला असं फसवणं योग्य होतं का? मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तो फसवल्यामुळे जिंकला का? कथेतल्या अधिकाऱ्यांची तशी खात्री असते. त्यांचा हिशोब असा: शत्रूला हरवायचं तर त्याच्या डोक्यात शिरता आलं पाहिजे, पण ज्याला दुसऱ्याच्या डोक्यात शिरता येतं त्याला त्याची कणवही येते, आणि कणव आली की हात थांबतो. म्हणून समज असलेलं पोर निवडायचं आणि त्याच्यापासून माहिती लपवायची. हिशोब वाचताना पक्का वाटतो. पण खेळातून युद्ध शिकवण्याला दोनशे वर्षांचा खरा इतिहास आहे, आणि त्यातलं माझ्या मते सगळ्यात मोठं यश या हिशोबाच्या अगदी उलट साक्ष देतं.

ते यश लिव्हरपूलचं आहे. साल १९४२.

अटलांटिकमधून ब्रिटनकडे धान्य, तेल आणि दारूगोळा नेणारी व्यापारी जहाजं ताफ्याने निघत, आणि जर्मन पाणबुड्या ती बुडवत. ताफ्यांचं रक्षण करणाऱ्या वेस्टर्न ॲप्रोचेस कमांडचं मुख्यालय १९४१ पासून लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये होतं. जानेवारी १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला तिथे धाडलं गेलं. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये त्याला नौदल सोडावं लागलं होतं, म्हणजे समुद्रावर पाठवण्याजोगी त्याची तब्येत नव्हतीच. काम एवढंच होतं: पाणबुड्या नेमकं काय करतात ते शोधून काढायचं आणि त्यावर तोड काढायची. त्याला इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्या आणि हाताखाली बहुतेक मुलीच मिळाल्या. महिला नौदल सेवेतल्या या मुलींना सगळे ‘रेन’ म्हणत. त्यातली जीन लेडलॉ एकवीस वर्षांची होती, जॅनेट ओकेल एकोणीस वर्षांची. बाकीच्याही अशाच, शाळा संपून फार काळ न लोटलेल्या. त्यातल्या कुणीही पाणबुडीविरुद्ध लढाई पाहिलेली नव्हती.

मोठ्या खोलीच्या जमिनीवर तपकिरी लिनोलियम अंथरलं आणि त्यावर रेघा मारल्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. ताफ्यातल्या जहाजांसाठी लाकडाचे लहान नमुने होते. रक्षक जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखायचे आणि पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने. हिरवा मुद्दाम निवडला होता, कारण तिरक्या नजरेने पाहिलं तर तो तपकिरी जमिनीत मिसळून जातो. भोवती कॅनव्हासचे पडदे उभे केले आणि त्यांना भोकं ठेवली. शिकायला आलेला अधिकारी पडद्याबाहेर आपल्या टेबलाशी उभा राहायचा आणि रात्रीच्या समुद्रात खऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे कप्तान उभा राहून हुकूम देतो त्या जागेवरून, जेवढं दिसलं असतं तेवढंच त्याला भोकातून दिसायचं. एक चाल दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात त्याने चिठ्ठीवर हुकूम लिहायचा: वेग किती, दिशा कोणती, ॲसडिकने, म्हणजे पाण्याखाली आवाजाच्या लहरी सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राने, कुठे शोधायचं. रेन ती चिठ्ठी उचलायची, जमिनीवर गुडघे टेकून मार्ग पुढे ओढायची आणि नवी बातमी घेऊन परत यायची.

हे आकडे इंचांत मांडून बघण्यासारखे आहेत, कारण सगळी लढाई त्या इंचांत होती. मंद ताफा सात नॉटने, म्हणजे तासाला सात सागरी मैलांनी, चालतो. दोन मिनिटांत जमिनीवर तो सव्वादोन इंच सरकतो. पृष्ठभागावरची पाणबुडी सतरा नॉटच्या पुढे जाते, म्हणजे एका चालीत साडेपाच इंचांहून जास्त. तिच्यामागे लागलेली कॉर्व्हेट, ताफ्याच्या रक्षणाला सर्रास असायची ती लहान युद्धनौका, जेमतेम सोळा नॉटची. पाच इंच आणि थोडं. म्हणजे उघड्या समुद्रावर पाठलाग करून कॉर्व्हेट पाणबुडी पकडूच शकत नव्हती. पण तीच पाणबुडी बुडी मारून चार नॉटने सरकू लागली की चालीला सव्वा इंचावर येते. ॲसडिक चांगल्या परिस्थितीत साधारण दीड हजार यार्डांवरचं टिपायचं, जमिनीवर साडेसात इंच, आणि पृष्ठभागावरची पाणबुडी तर त्याला जवळजवळ कळतच नसे. आता शेजारी चाळीस जहाजांचा ताफा मांडा: नऊ-दहा रांगा, रांगांमध्ये हजारेक यार्ड अंतर. रुंदी चार-साडेचार मैल होते. जमिनीवर हे मीटरभर रुंदीचं शेत झालं, आणि त्याची राखण करणारे सहा-सात जण प्रत्येकी साडेसात इंचांपलीकडे आंधळे.

तोवर वापरात असलेल्या डावपेचाचं नाव होतं ‘बटरकप’. जहाजावर टॉर्पेडो आदळला की रक्षक जहाजांनी बाहेरच्या बाजूला वळायचं, पूर्ण वेगाने धावायचं, उजेडाचे गोळे उडवायचे आणि स्फोटकं टाकायची. त्यामागचं गृहीतक असं, की पाणबुडी ताफ्याबाहेर लांब उभी राहून मारा करते. रॉबर्ट्सने जुन्या हल्ल्यांचे अहवाल घेऊन ते जमिनीवर मांडले, आणि गणित जमेना. ताफ्याच्या मधल्या रांगांतली जहाजं बुडत होती. बाहेरून, टॉर्पेडोच्या पल्ल्यातून, ती तशी लागणं बसत नव्हतं. मग त्याने उलट बाजूने विचार सुरू केला. मी पाणबुडीचा कप्तान असतो तर कुठे असतो? लेडलॉ आणि ओकेल यांच्यासोबत त्याने डाव पुन्हा पुन्हा खेळून पाहिले. एकच जागा सगळ्या अहवालांशी जुळत होती. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, ताफ्याच्या रांगांमध्येच शिरत होती. पहारेकऱ्यांचं लक्ष पुढे आणि बाजूंना, तिचा वेग ताफ्याच्या दुपटीहून जास्त, आणि पाण्यावर दिसणारं तिचं अंग इतकं कमी की अंधारात नजरेला येत नाही. आत शिरायचं, जवळून मारा करायचा, बुडी मारायची आणि ताफ्याला डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचं.

एवढं कळलं की उत्तर खडूच्या रेषेतच दिसतं. बुडी मारलेली पाणबुडी मंद असते आणि ताफा तिच्यावरून निघून जातो. पाच-सहा चालींत ती ताफ्याच्या शेपटीमागे उघडी पडणार. मग बाहेर धावणारी रक्षक जहाजं तिच्यापासून लांबच पळत होती. त्यांनी ताफ्याच्या मागे यायला हवं, तिथे रांग धरून ॲसडिकने समुद्र विंचरायला हवा. या डावपेचाला लेडलॉने ‘रास्पबेरी’ नाव सुचवलं, हिटलरला जीभ काढून वाकुल्या दाखवाव्यात तसं. कमांडचे प्रमुख ॲडमिरल पर्सी नोबल साशंक मनाने डाव पाहायला आले आणि पाहून झाल्यावर त्यांनी ही पद्धत ताफ्यांकडे पाठवण्याची व्यवस्था केली.

पुढे ‘पाइनॲपल’, ‘आर्टिचोक’, ‘बीटा सर्च’, ‘स्टेप असाइड’ असे डावपेच याच जमिनीवर तयार झाले. त्यातला शेवटचा मला विशेष शिकवणारा वाटतो. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये पाठलागावर निघालेल्या रक्षक जहाजांचा मागचा भाग उडू लागला. सगळे स्फोट शेपटीकडेच का? जहाजाला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या आवाजाचा माग काढणारा टॉर्पेडो आला आहे, हा निष्कर्ष रॉबर्ट्सने त्यातून काढला. सरळ रेषेत वेगाने धावत येणारं जहाज हेच अशा टॉर्पेडोचं आवडतं लक्ष्य. म्हणून पाणबुडी दिसली की थेट तिच्यावर न धावता आधी बाजूला वळायचं आणि मग वाकड्या वाटेने गाठायचं. शूर कप्तानाच्या रक्तात जे असतं त्याच्या नेमकं विरुद्ध असं हे वागणं आहे. ते आदेशाने अंगी येत नाही. जमिनीवर आपलं जहाज दोनदा बुडालेलं पाहिलं की येतं.

नोव्हेंबर १९४२ मध्ये नोबल यांच्या जागी मॅक्स हॉर्टन आले. हे स्वतः पाणबुडीवाले. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, त्यांच्या पाणबुडीने जर्मन क्रूझर ‘हेला’ बुडवली होती. ते वरच्या मजल्यावर आले आणि पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले. समोर रक्षक जहाजं चालवायला ओकेल होती. पाच डाव झाले आणि पाचही वेळा ॲडमिरलची पाणबुडी बुडाली, असं सांगितलं जातं. हा किस्सा सहसा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत कमी आणि शिक्षणशास्त्र जास्त दिसतं. ओकेलला पाणबुडीचा कप्तान काय करेल हे ठाऊक होतं, कारण त्याची हिरवी रेषा तिने असंख्य वेळा स्वतःच्या हाताने ओढली होती. शत्रूच्या डोक्यात शिरण्याची जी देणगी कथेतल्या मुलाला जन्मजात मिळालेली दाखवतात, ती इथे रोजच्या कामातून, खडू आणि गुडघ्यांच्या जोरावर तयार झाली होती.

आणि तिच्यापासून काहीही लपवलेलं नव्हतं. जमिनीवर मांडलेला ताफा कालपरवा खरोखर फुटलेला ताफा आहे, बाहेर पडद्याशी उभा असलेला अधिकारी पुढच्या आठवड्यात समुद्रावर जाणार आहे, आपण हिरव्या रेषेत चूक केली तर तो चुकीचं शिकून जाईल, हे सगळं त्या मुलींना माहीत होतं. सोमवार ते शनिवार असा वर्ग चालायचा. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी त्यातून गेले.

मला वाटतं, इथेच कथेतला हिशोब मोडतो. सत्य लपवलेला खेळाडू फक्त एकाच गोष्टीत पुढे असतो: तो सोंगट्या बेधडक उधळतो, कारण त्या परत मिळणार आहेत असं त्याला वाटतं. शेवटच्या एका डावापुरता हा गुण कामी येईलही. पण युद्ध एका डावाचं नसतं. लिव्हरपूलची पद्धत जिंकली ती परतीच्या वाटेमुळे. समुद्रावरून आलेला अधिकारी सांगायचा की अमुक वेळी असं घडलं नाही, तसं घडलं; मग जमिनीवरचा खेळ बदलायचा, पुढच्या तुकडीला बदललेला खेळ मिळायचा. ज्या मुलाला पलीकडे खरी जहाजं असल्याचंच ठाऊक नाही, तो कुणाला काय विचारणार? एखादं जहाज हुकूम मिळूनही उशिरा वळलं तर तो यंत्राचा दोष समजेल. तिथला कप्तान घाबरला होता का, त्याला समोर दुसरंच काही दिसलं होतं का, हा प्रश्न त्याच्या मनात उठण्याची सोयच ठेवलेली नाही. मुलगा थकला तर अधिकाऱ्यांना त्याचे गुण घसरलेले दिसतात, थकवा दिसत नाही. खोट्यावर उभ्या केलेल्या प्रशिक्षणात माहिती एकाच दिशेने वाहते, आणि असं प्रशिक्षण शत्रूने नवी चाल केली की आंधळं होतं.

खेळात खोटेपणा शिरला की काय होतं याचं दुसरं उदाहरण त्याच १९४२ सालचं आहे, जगाच्या दुसऱ्या टोकाचं. मे महिन्याच्या सुरुवातीला जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेची सराव-लढाई टेबलावर खेळली. अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केल्याचा प्रसंग आला. पंचाने फासे टाकले आणि नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल दिला. ‘आकागी’ आणि ‘कागा’ बुडाल्या. मोहिमेच्या सरावाचे प्रमुख रिअर ॲडमिरल उगाकी यांनी तो निकाल तीनवर आणला. ‘आकागी’ वाचली, आणि ‘कागा’ही पुढच्या टप्प्यात परत तरंगू लागली. महिन्याभराने, ४ जूनला, त्या दोन्ही नौकांवर खरे बॉम्ब पडले आणि दोन्ही गेल्या. त्यांच्याबरोबर ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ही. उगाकींनी टेबलावर कुणा मुलाला फसवलं नव्हतं. त्यांनी स्वतःला आणि आपल्या कप्तानांना फसवलं. खेळाकडून हवं तेच उत्तर काढून घ्यायचं असेल तर खेळ मांडण्याचं कारणच उरत नाही.

हा धोका खेळ रचणाऱ्यांना सुरुवातीपासून कळलेला होता. प्रशियातला तरुण तोफखाना अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये क्रीगश्पील नावाने युद्धखेळाचे नियम छापले. १:८,००० प्रमाणाचा नकाशा, तुकड्यांसाठी लहान ठोकळे, नुकसान ठरवायला फासे, आणि चाल इथेही दोन मिनिटांचीच. त्याची खरी करामत पंचात होती. दोन्ही बाजूंनी हुकूम लेखी द्यायचे आणि पूर्ण चित्र फक्त पंचाला दिसणार. खेळाडूला त्याच्या घोडेस्वाराने जेवढं पाहिलं असतं तेवढंच. म्हणजे लपवाछपवी या खेळाच्या मुळातच आहे. पण काय लपवायचं याला मर्यादा आहे. शत्रू कुठे आहे हे लपवायचं, कारण युद्धात ते लपलेलंच असतं. आपण कशासाठी खेळतो आहोत हे लपवायचं नाही. डर्बी हाउसच्या कॅनव्हासमधली भोकं आणि विज्ञानकथेतल्या मुलाचा पडदा यांत हा फरक आहे.

लिव्हरपूलच्या लिनोलियमवरच्या त्या लाकडी नमुन्यांकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार माणसांमागे साधारण एक हिंदी खलाशी होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांमध्ये डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि जेवणघरात, सलूनमध्ये, गोव्याचे ख्रिस्ती आचारी आणि बटलर मोठ्या संख्येने असत. बॉयलरजवळ काम करणारे आगवाले जलरेषेच्याही खाली असायचे, आणि इंजिनघरावर टॉर्पेडो लागला की त्यांना वर यायला सगळ्यात कमी वेळ मिळायचा. दुसऱ्या महायुद्धात ६,००० हून अधिक हिंदी खलाशी मेले. लिव्हरपूलच्या मुलींनी सव्वादोन इंच पुढे सरकवलेल्या एखाद्या नमुन्यात दाभोळ-जयगडकडचा सारंग आणि त्याची माणसं असतील, ही कल्पना नव्हे, संख्येच्या हिशोबाने जवळजवळ खात्रीच आहे. आपल्याकडे बंदरपट्टीच्या घरांमध्ये बोटीवर गेलेला आणि परत न आलेला आजा-पणजा असतो. त्याचा मृत्यू कुठल्या ताफ्यात झाला हे बहुतेकांना कधी सांगितलं गेलं नाही.

मे १९४३ मध्ये पारडं फिरलं. एप्रिलच्या शेवटी लिव्हरपूलहून निघालेल्या ओएनएस-५ या मंद ताफ्यावर चाळीसच्या आसपास पाणबुड्या सोडल्या होत्या. रक्षक पथकाचा प्रमुख पीटर ग्रेटन हा डर्बी हाउसच्या वर्गातून गेलेला. पण ऐन लढाईच्या तोंडावर वादळी समुद्रात त्याच्या ‘डंकन’ या विनाशिकेला इंधन घेता येईना, आणि ४ मे रोजी त्याला ताफा सोडून जावं लागलं. सूत्रं ‘टे’ या फ्रिगेटवरच्या शेरवूड या राखीव दलातल्या अधिकाऱ्याकडे गेली. प्रमुख गेला की पथक विस्कटतं. इथे विस्कटलं नाही, कारण एका शब्दाच्या हुकमावर कोणी कुठे जायचं हे प्रत्येक जहाजाला आधीच माहीत होतं. ताफ्यातली १३ जहाजं बुडाली, आणि ६ पाणबुड्याही. त्या महिन्यात जर्मनीने एकूण ४१ पाणबुड्या गमावल्या, आणि २४ मे रोजी जर्मन नौदलाचा प्रमुख डोनिट्झ याने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या काढून घेतल्या. याचं सगळं श्रेय लिनोलियमला देणं चुकीचं ठरेल. सेंटिमेट्रिक रडार, लांब पल्ल्याची विमानं, पाणबुड्यांच्या बिनतारी संदेशांवरून दिशा काढणारी यंत्रं, सांकेतिक लिपी फोडणारे लोक, हे सगळे त्यात होते. ५ मेच्या रात्री धुकं पडलं तेव्हा रडार असलेल्यांना दिसत होतं आणि पाणबुड्यांना नव्हतं. पण रडारवर ठिपका दिसल्यावर कुठे वळायचं, हे मात्र त्या जमिनीवर शिकलेलं होतं.

१९४५ च्या मेमध्ये रॉबर्ट्स जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गला गेला आणि पाणबुडी मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांशी, डोनिट्झचा उजवा हात असलेल्या गोट याच्याशी, समोरासमोर बोलला. तीन वर्षं ज्यांच्या जागी बसून तो विचार करत होता त्यांना त्याने प्रत्यक्ष विचारून घेतलं. परग्रहाच्या कथेत हे घडत नाही. तिथे मुलगा शत्रूला समजून घेतो तेव्हा विचारायला कुणी उरलेलं नसतं, आणि ते तसं राहिलं कारण खरं काय चाललंय हे सांगितलं असतं तर त्याने मध्येच थांबून विचारलं असतं. अधिकाऱ्यांना नेमकी त्याचीच भीती होती. म्हणजे खोटं विजयासाठी लागलं नव्हतं. एका विशिष्ट प्रकारच्या विजयासाठी लागलं होतं, ज्यात समोरचा पूर्ण नाहीसा होतो आणि करणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येतं. त्या मुलाला मात्र ते कधीच म्हणता येत नाही. म्हणता येतं ते त्याच्यावरच्या माणसांना, कारण हात त्यांचा नव्हता.

आता मुलाच्या वयाकडे येऊ. मुलांना युद्धात घालणं ही विज्ञानकथेची कल्पना नाही. ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन १७७१ मध्ये नौदलात शिरला तेव्हा बारा वर्षांचा होता. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मनीने माध्यमिक शाळांतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं वर्गच्या वर्ग विमानविरोधी तोफांवर नेली. शिक्षक तोफांपाशी येऊन तास घेत. आपल्याकडे महाभारताने हा प्रसंग फार स्पष्ट लिहून ठेवला आहे. द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला आधीच सांगतो की वडिलांनी मला व्यूह फोडायला शिकवलं आहे, पण संकट आलं तर बाहेर पडणं मला येत नाही. मोठे म्हणतात, तू वाट कर, आम्ही मागोमाग येतो. मग जयद्रथ तोंडाशी उभा राहतो आणि मागोमाग कुणीच येऊ शकत नाही. लष्करी भाषेत पाहिलं तर ती योजनेतली चूक आहे: एकाच वाटेवर सगळी भिस्त, आणि ती वाट बंद झाली तर काय, याचा विचार नाही. दोन मिनिटांच्या चालींनी हा डाव आदल्या रात्री कुणी मांडला असता तर जयद्रथाची जागा तिसऱ्या-चौथ्या चालीत दिसली असती. तरीही मला महाभारत या बाबतीत त्या परग्रही कथेतल्या अधिकाऱ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतं. अभिमन्यूला आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे ठाऊक आहे, आणि ते तो बोलून दाखवतो.

आज साताऱ्याच्या सैनिक शाळेत, जी १९६१ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली, सहावीला प्रवेश घेणारं मूल दहा ते बारा वर्षांचं असतं. प्रवेशपरीक्षा ३०० गुणांची. त्यातले १५० गणिताला, आणि भाषा, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५०. इथे कुणी शत्रू दाखवत नाही. मूल सुट्टीत घरी जातं, बारावीनंतर एनडीएला बसतं किंवा बसत नाही, वाट बदलायची मुभा त्याला असते. हुशार मुलाला लवकर हेरणं आणि त्याला लवकर लढवणं यांच्यामध्ये एवढं अंतर ठेवता येतं, हे महत्त्वाचं आहे. बालकांच्या हक्कांच्या कराराला २००० साली जोडलेला सशस्त्र संघर्षाविषयीचा पूरक करार हेच अंतर कायद्यात बांधतो: अठरा पूर्ण न झालेल्या सैनिकाने प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये यासाठी देशांनी शक्य ते सगळे उपाय करायचे. भारताने तो स्वीकारताना भरतीचं किमान वय सोळा असल्याचं आणि अठरा पूर्ण झाल्यावरच लढाईच्या क्षेत्रात पाठवत असल्याचं जाहीर केलं आहे.

या तरतुदीत ‘पाठवणं’ गृहीत आहे. माणूस एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी गेला की त्याचं वय तपासायचं. पण डर्बी हाउसमधल्या मुली कुठेच गेल्या नव्हत्या. त्यांचं युद्ध त्याच मजल्यावर होतं. नेवाडातल्या क्रीच तळावर खुर्चीत बसून हजारो मैलांवरचं ड्रोन चालवणारा सैनिकही कुठे जात नाही. उद्या चपळ बोटांची सोळा वर्षांची मुलं हवी आहेत म्हणून एखाद्या सैन्याने त्यांना अशा खुर्चीत बसवलं, वर हा सराव आहे असं सांगितलं, तर सीमा ओलांडलेली कुठल्याच नोंदीत दिसणार नाही. म्हणून ‘प्रत्यक्ष भाग’ या शब्दांमध्ये खुर्ची, पडदा आणि खेळपट हे तिन्ही येतात, असं लष्करांच्या नियमावल्यांमध्ये स्पष्ट लिहून घ्यायला हवं, आणि ड्रोनच्या प्रशिक्षणवर्गात वयाचा दाखला बंदूक हातात देताना बघतात तितक्याच काटेकोरपणे बघायला हवा.